चौदा रत्नांचा प्रवास

गोल्फच्या नियमांनुसार खेळाडूला जास्तीत जास्त चौदा क्लब घेऊन मैदानात उतरता येते. समुद्रमंथनातून निघालेली रत्नेही चौदाच होती. पण ती एकदा वर आल्यावर पुन्हा बांधून विमानात चढवण्याची वेळ देवांवर आली नाही. येरवड्याच्या मैदानावर खेळणाऱ्या पुणेकराला स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूजची वारी करायची असेल, तर मात्र हे काम चुकत नाही.

क्लबचे मुख्य भाग तीन : मूठ, दांडा आणि डोके. दांडा डोक्यात शिरतो ती मान. क्लब प्रवासात मोडतो तो बहुधा मानेशीच. सर्वांत जास्त भीती ड्रायव्हर नावाच्या क्लबला. तो सुमारे ४५ इंच लांब, दांडा ग्रॅफाइटचा आणि डोके पोकळ. पिशवी उलटी आपटली की पहिला फटका त्यालाच बसतो. वर्गात गोंगाट झाला की मास्तरांच्या नजरेला सर्वांत उंच मुलगा आधी पडतो, तसा.

यावरचा उपाय म्हणजे त्याच्याहून उंच कोणीतरी शेजारी उभा करणे. त्यासाठी कुबडीसारखी, हवी तेवढी लांब करता येणारी काठी बाजारात मिळते. ती ड्रायव्हरपेक्षा दोनेक इंच उंच ठेवली की धक्का ती झेलते आणि ड्रायव्हर तिच्या आडोशाला सुखरूप राहतो. काटकसरी मंडळी तेच काम मोपच्या दांड्याकडून करून घेतात. अशा घरात गोल्फर परतेपर्यंत फरशी ओणवे होऊन पुसली जाते आणि त्या काळात गोल्फविषयी बरेच काही बोलले जाते.

पुढचे तत्त्व हापूसच्या पेटीचे : फळाला फळ लागता कामा नये. पेटीत पेंढा असतो, इथे टॉवेल. ते क्लबांच्या मानांमधून नागमोडी गुंफतात, ड्रायव्हरसारख्या मोठ्या डोक्यांवर टोप्या चढवतात आणि उरलेल्या फटींत मोजे व स्वेटर कोंबतात. स्कॉटलंडच्या समुद्रावरचा वारा अंगावर आला की हे स्वेटर पेंढ्याच्या नोकरीतून मुक्त होतात.

ज्या ड्रायव्हरचे डोके स्क्रूने बसवलेले असते, त्याचे ते काढून वेगळे गुंडाळणे सर्वांत उत्तम. ही पद्धत चंद्रापर्यंत जाऊन आली आहे. १९७१ च्या फेब्रुवारीत अपोलो १४ मोहिमेवर गेलेल्या ॲलन शेपर्ड यांनी सहा नंबरच्या आयर्न क्लबचे फक्त डोके सोबत नेले आणि ते चंद्रावरची माती गोळा करण्याच्या अवजाराच्या दांड्याला बसवून दोन चेंडू टोलवले. दुसरा चेंडू मैलोन्‌मैल गेल्याचे त्यांनी तिथूनच जाहीर केले. पुढे छायाचित्रांवरून मोजणी झाली, तेव्हा तो सुमारे चाळीस यार्डांवर सापडला. सामान कितीही आटोपशीर बांधले तरी गोल्फरच्या बढाईचे आकारमान कमी होत नाही, हे यावरून सिद्ध होते. डोके काढणाऱ्याने ते पुन्हा बसवण्याचा पानाही बॅगेत टाकावा. पाना घरी राहिल्यास खेळाडूकडे एक डोके आणि एक काठी असते, पण ड्रायव्हर नसतो.

बाहेरचे आवरण दोन प्रकारचे. कडक पेटी मार उत्तम सोसते, मात्र टॅक्सीच्या डिकीत मावत नाही. मऊ आवरण डिकीत मावते, मारही पोचू देते. त्यात बांधलेला संच पाहून सोसायटीतले शेजारी आधी तंबोऱ्याचा अंदाज करतात आणि ‘कार्यक्रम कुठे आहे?’ असे विचारतात.

चेंडूंचे वजन नगण्य असते. एक चेंडू ४५.९३ ग्रॅमपेक्षा जड चालत नाही, म्हणजे डझनाचे साडेपाचशे ग्रॅमच्या आसपास. किती डझन न्यावेत हे खेळाडूच्या आत्मविश्वासाच्या व्यस्त प्रमाणात ठरते. खरे वजन वाढते ते बाकरवडीमुळे. गोल्फच्या बॅगेत गोल्फचेच सामान असावे, असा अनेक विमानकंपन्यांचा नियम आहे आणि बाकरवडी त्यात बसवणे कठीण आहे. त्यामुळे वजनकाट्यासमोर बॅग उघडली जाते, पुडे खांद्यावरच्या पिशवीत जातात आणि मागची रांग संयम शिकते. क्लब विमानाच्या केबिनमध्ये नेता येत नाहीत. उलट अंतर मोजणाऱ्या यंत्राच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या सामानात देता येत नाहीत, त्या केबिनमध्येच न्याव्या लागतात. हे उलटसुलट झाल्यास बॅग दुसऱ्यांदा उघडते.

एडिंबरोला उतरल्यावर लांबलचक सामान नेहमीच्या पट्ट्यावर येईलच असे नाही. बरेचदा ते वेगळ्या दारातून बाहेर येते. गोल्फर पट्ट्याकडे टक लावून बसतो आणि त्याची बॅग दुसरीकडे त्याची वाट पाहते. ती हाती आली की तिथेच उघडून प्रत्येक मान तपासावी. निघण्यापूर्वी काढलेले फोटो तक्रारीच्या वेळी उपयोगी पडतात. सेंट अँड्र्यूजला १९६९ पासून रेल्वे नाही. जवळच्या ल्यूकर्स स्थानकावर उतरून शेवटचा टप्पा बसने किंवा टॅक्सीने गाठावा लागतो आणि कडक पेटीचा पश्चात्ताप तिथे पूर्ण होतो. वारही पाहून जावे. ओल्ड कोर्स हे तिथले मैदान एरवी रविवारी खेळासाठी बंद असते. त्या दिवशी गावकरी तिथे कुत्री फिरवतात.

सोमवारी खेळ सुरू होतो. पहिल्या ग्रीनच्या तोंडाशीच स्विल्कन नावाचा ओढा आहे आणि हजारो किलोमीटर जपून आणलेला चेंडू त्यात पडायला काही सेकंद पुरतात. अशा वेळी क्लब जमिनीवर आपटण्याचा मोह आवरावा. चौदा क्लब घेऊन उतरलेल्याला रागाने मोडलेला क्लब त्या फेरीत बदलता येत नाही. कुबडी, टॉवेल आणि टोप्या यांनी क्लबचे रक्षण विमानतळापासून होते, मालकापासून होत नाही.

परतताना क्लब कोरडे करून आणि बुटांची माती खरवडून बांधावेत. ओला संच बंद बॅगेत गंजतो. घरी आल्यावर मोपचा दांडा सर्वांत आधी जागेवर ठेवावा. नाहीतर चौदावे रत्न कोणाला तरी पाहावे लागते.