डावा कोपरा भरणे आहे

महाविद्यालयात मराठीच्या प्राध्यापकाची जागा रिकामी झाली, तर ती तासिका तत्त्वावर दहा वर्षे चालवता येते. कबड्डी संघातला डावा कोपरा रिकामा झाला, तर तशी सोय नाही. पहिल्या चढाईला तिथून बोनस जातो, दुसरीलाही जातो, आणि मध्यंतराच्या आत लोण चढला की प्राचार्य खुर्चीत बसल्या बसल्या मोबाइल काढतात. नेरळ, कर्जत, खोपोली या पट्ट्यातल्या क्रीडाशिक्षकांवर ही वेळ येऊ नये म्हणून हे मार्गदर्शन. उदाहरणादाखल पोशीर घेतले आहे. नेरळहून कळंबच्या दिशेने निघाले की हे गाव लागते. रिक्षा भरेपर्यंत ती सुटत नाही, त्यामुळे उमेदवार शोधायला लागणाऱ्या सहनशक्तीचा सराव स्टँडवरच होऊन जातो.

आधी आपल्याला कोण हवा आहे ते समजून घ्यावे. मैदानात सात गडी, साखळीच्या दोन टोकांना दोन कोपरे. चढाईपटूला तीस सेकंद सगळे मैदान, सगळे डोळे आणि कॉमेंट्री करणाऱ्याचा सगळा घसा मिळतो. तिघांना शिवून तो मध्यरेषेवर परतला तर तीन गुण, शिवाय मांडीवर थाप मारण्याचा हक्क. कोपरारक्षकाने जिवावर उदार होऊन पट काढला आणि सहाजण वरून पडले, तर गुण एक. आपले तीन किंवा त्याहून कमी गडी उरलेले असताना पकड केली, तर ती अव्वल पकड ठरून आणखी एक. म्हणजे डबल पगार मिळण्याआधी निम्म्याहून जास्त ऑफिस बडतर्फ व्हावे लागते. अशी नोकरी कोण करील, हा आपला मूळ प्रश्न आहे.

हा प्रश्न फक्त आपल्याला पडत नाही. अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये टाइट एंड नावाचा असाच एक गडी असतो. तोही रांगेच्या टोकाला उभा राहतो, दुसऱ्यासाठी धडका घेतो आणि मधूनच चेंडूही झेलतो. त्याच्यासाठी तिथले प्रशिक्षक विमानाने पोराच्या गावी जातात, घरी बसून आईच्या हातचे जेवतात आणि शिष्यवृत्तीचे कागद पुढे करतात. 2021पासून तर त्या पोरांना स्वतःच्या नावावर जाहिरातीतून पैसे कमावण्याचीही मुभा आहे. आपल्याकडे विमान सोडून बाकीची पद्धत तशीच राबवता येते. कागदाच्या जागी लोकलच्या सवलतीच्या पासचा फॉर्म ठेवावा.

निवड चाचणी घेऊ नये. चाचणीला आलेल्या पोरांना ‘काय खेळतोस?’ असे विचारले की सगळे ‘चढाई’ म्हणतात. ज्याला दम लागतो तोही म्हणतो. याला कारण रील. चढाईपटूची रील होते. कोपऱ्याच्या रीलमध्ये सात माणसांचा ढीग आणि तळाशी कुणाचा तरी पाय दिसतो. वजनकाटाही घरीच ठेवावा. पुरुष गटाची 85 किलोची मर्यादा पोशीरच्या पोरांना सहसा आडवी येत नाही. हळदीच्या हंगामात ती क्रीडाशिक्षकांनाच आडवी येते.

खरी चाचणी जूनमध्ये, पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्री होते, आणि तिला कोणी अर्ज करत नाही. त्या रात्री गावातली पोरे बॅटऱ्या घेऊन बांधावर आणि ओढ्याला मुठे, म्हणजे शेतातले खेकडे, पकडायला निघतात. वलगणीचे मासेही चढत असतात, पण आपण माशांकडे बघू नये, मुठ्यांकडे बघावे. मुठा नांग्या वर करून समोर असतो. घाईने पुढून हात घालणारा पोरगा बोट सोडवून घेत बोंबलतो. तो चढाईला पाठवायचा. दुसरा एक असतो. तो बॅटरी स्थिर धरून काहीच करत नाही. मुठा वळतो, निघायला लागतो, आणि मग मागून हात पडतो. हाच आपला उमेदवार. मैदानावर काम तेच आहे. चढाईपटू बोनस रेषेकडे पाय टाकतो तेव्हा डाव्या कोपऱ्याने हलायचे नसते. चढाईपटूचा मागचा पाय उचलला, तोल गेला, की घोटा. कोपरा अर्धा सेकंद आधी झेपावला तर तो स्वतः बाद, वर प्रशिक्षकाच्या शिव्या. हे थांबणे शिबिरात शिकवता येत नाही. शिकवले असे सांगणारे प्रशिक्षक मला भेटले आहेत. त्यांच्याकडे तयार कोपरे आले होते.

आता मुहूर्त. महाविद्यालयाचे प्रवेश जून-जुलैत, आणि भाताची लावणीही तेव्हाच. विद्यापीठाचे वेळापत्रक करणाऱ्यांनी चिखलात पाय घातलेला नसावा, हे यावरून उघड आहे. लावणीच्या दिवसांत उमेदवाराच्या घरी गेलात तर घर रिकामे सापडेल, शेतावर गेलात तर तुमच्या हातात रोपांची मूठ येईल. ती घ्यावी, लावावी. वाकडी लागली तरी चालेल, नंतर कोणीतरी सरळ करते. कापणीनंतर बघू म्हणालात, तर तोवर त्याने कुठल्या तरी कारखान्यात बारा तासांची पाळी धरलेली असते. कातकरी वाड्यांवरच्या पोरांचे तर गणितच वेगळे. दिवाळी झाली की कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि पोरगा वर्गातून आणि संघातून एकाच दिवशी नाहीसा होतो. त्याच्यासाठी आपल्याकडे पास नाही, फॉर्म नाही, आणि खरे तर तोंडही नाही.

घरी जाण्याची पद्धत नीट पाळावी. संध्याकाळी जावे. चप्पल ओट्याखाली काढावी. पोराशी बोलू नये. तो तसाही बोलणार नाही, कोपरारक्षक आहे. बाबांशी थोडे बोलावे. त्यांना सरकारी नोकरीतले खेळाडूंचे 5 टक्के आरक्षण तुमच्यापेक्षा जास्त माहीत असते.

‘‘सर, गावच्या स्पर्धेचा ढाल धरलेला फोटो चालतो काय त्याला?’’

‘‘नाही हो दादा, प्रमाणपत्र लागतं. त्याची पडताळणी होते.’’

‘‘तुमच्या कालेजातला कोन लागला का मग?’’

इथे घाईने पोलीस भरतीत लागलेल्या एखाद्याचे नाव घेऊ नये. तो यांच्या मेव्हण्याच्या गावचा निघतो, आणि चढाईपटू निघतो.

खरा निर्णय आत चुलीपाशी होतो. तिथे मोठे उदाहरण लागते, ते पाठ करून न्यावे. प्रो कबड्डीच्या लिलावात 2018 साली एक कोटीचा आकडा पहिल्यांदा गाठला तो कोणा चढाईपटूने नाही, डाव्या कोपऱ्याने: इराणचा फझल अत्राचली, यू मुंबाने घेतला. पुढे दहाव्या हंगामासाठी पुणेरी पलटणने इराणच्याच शादलूवर 2 कोटी 35 लाख लावले, आणि तोही डाव्या कोपऱ्यातलाच. फार लांबचे वाटले तर कल्याणचा गिरीश इर्नाक सांगावा. डावा कोपरा, 2018च्या आशियाई स्पर्धेत भारताकडून. कल्याण म्हटले की घरात जरा हालचाल होते, कारण तिथे लोकल जाते. त्या स्पर्धेत भारत उपांत्य फेरीत इराणकडून 18-27 असा हरला, हे मात्र विचारल्याशिवाय सांगू नये.

आई हे सगळे ऐकून घेते. भाकरी उलटते. मग विचारते, ‘‘नि पोराचा गुडघा गेला तर, सर?’’

या प्रश्नावर मार्गदर्शन उपलब्ध नाही. लिगामेंट, शस्त्रक्रिया, सहा-नऊ महिने हे शब्द तुमच्या तोंडून निघाले तर प्रवेश गेला. विम्याचा अर्ज बघतो म्हणालात तर तो खरोखर बघा; क्रीडाविभागाच्या कपाटात तो असतो, चेंडूंच्या पंपाखाली. चहा आला तर घ्या. चहाबरोबर पोहे आले तर काम निम्मे झाले. पोपटीच्या दिवसांत शेतावर बोलावले, मडक्यातल्या वालाच्या शेंगा तुमच्यापुढे आधी ओतल्या, तर समजावे की पोरगा तुमचा. तोवर वर्ष संपत आलेले असते, तो भाग निराळा.

प्रतिस्पर्धी महाविद्यालयांची धास्ती बाळगू नये. ते बूट देतील, तुम्ही बूट आणि मोजे द्या. मुंबईच्या संघांची धास्ती बाळगावी, पण उपयोग नाही. तुमचा कोपरा दोन वर्षांत चांगला निघाला तर तो तिकडे जाणारच, आणि स्थानिक वर्तमानपत्रात त्याच्या फोटोखाली महाविद्यालयाचे नाव चुकीचे छापून येणार. खरी धास्ती बाळगायची ती त्याच्या गावच्या मंडळाची. रात्री प्रकाशझोतातली स्पर्धा, ट्रॅक्टरवर लावलेले स्पीकर, बक्षिसाची ढाल, आणि सकाळी आठला तुमचा आंतरमहाविद्यालयीन सामना. गाव आधी. याबाबत नियमावली काढून बघितलेल्यांनी ती पुढच्याच वर्षी मागे घेतली आहे. मंडळाच्या अध्यक्षाला सामन्याला पाहुणा म्हणून बोलावावे, शाल द्यावी, आणि पुढची स्पर्धा शनिवारी घ्यायला सांगावे.

एवढे करून तो आला, की पहिल्याच सरावात तो तोंड उघडेल आणि म्हणेल, ‘‘सर, एक चढाई मारू काय?’’ मारू द्यावी. नाही म्हणालात तर वर्षभर तेच डोक्यात ठेवील. मित्रसंघाशी सराव सामना ठेवून, दोन-चार गुणांची आघाडी असताना पाठवावे. तो मांडीवर थाप मारून जाईल, बोनसला पाय टाकील, आणि समोरचा कोणीतरी सुकट पोरगा, जो आतापर्यंत हललाही नव्हता, त्याचा घोटा धरून बसेल. आपला गडी धूळ झटकत बाहेर येईल. त्याला काही बोलू नये. समोरच्या सुकट पोराचे गाव कोणते, बारावीला आहे की झाली, आणि घरी शेत किती, एवढे तेवढे विचारून घ्यावे.