सुभेदारकाका गेले हो!

“वहिनी, जरा कुंपणापाशी या. कपडे मागाहून वाळत घाला. कळलं का तुम्हाला? आपले सुभेदारकाका गेले.”

“अगं बाई! ते कोपऱ्यावरचे? अहो, मी गावाला निघाले तेव्हा माझी बॅग त्यांनीच रिक्षात ठेवली की!”

“तेच तर. ना दुखणं, ना खुपणं. मंगळवारी पहाटे होळकर पुलापर्यंत फिरून आले, काकूंना म्हणाले चहा टाक, आणि खुर्चीत बसले ते बसलेच. अँब्युलन्स यायच्या आत सगळं आटोपलं होतं. सत्तरी उलटली होती, कबूल. पण आमचे हे साठीतच जिन्यात तीनदा थांबतात आणि तो माणूस सोसायटीची टाकी धुवायला स्वतः शिडी चढायचा! डॉक्टर म्हणाले हार्ट अटॅक. मला अजून खरं वाटत नाही.”

“मी इथे येऊन दोनच वर्षं झाली, मला त्यांची नीट ओळखही नव्हती. मिलिटरीतले एवढंच माहीत.”

“नुसते मिलिटरीतले म्हणाल तर रागवायचे हो. बॉम्बे सॅपर्स! इथलंच, खडकीचं सेंटर. रामा राघोबा राणे ठाऊक आहेत ना, १९४८ साली नौशेरा-राजौरीच्या रस्त्यावरचे सुरुंग काढून रणगाड्यांना वाट करून दिली आणि जिवंतपणी परमवीरचक्र मिळवलं, ते याच पलटणीचे. काका स्वतःच्या नोकरीबद्दल विचारलं की विषय राणेसाहेबांवर न्यायचे. स्वतः कुठे होते, काय केलं, अक्षर नाही. हॉकीचं मात्र विचारू नका! तिथे तोंडाला कुलूप नव्हतं.”

“हॉकी? आमच्या सदाशिव पेठेत हॉकी म्हणजे सामान्यज्ञानाच्या पेपरातला एक मार्क.”

“म्हणूनच संचेतीच्या पुलापलीकडे तुम्हा लोकांचं पुणं संपतं. खडकीत या पोरांच्या हातात बॅटीच्या आधी स्टिक येते. धनराज पिल्ले कुठला? इथलाच. वडील ऑर्डनन्स फॅक्टरीत ग्राउंड्समन, घरात भावंडांची रांग, मोडलेल्या स्टिका दोरीनं बांधून कॉलनीच्या मुरमाड मैदानावर खेळला आणि पुढे चार ऑलिंपिक, चार वर्ल्ड कप, चार एशियाड. काका म्हणायचे, मुरमावर चेंडू कुठे उडेल याचा नेम नाही, म्हणून खडकीच्या पोराचं मनगट असं वळतं. विक्रम पिल्लेही इथलाच. आणि त्या दोघांच्या कितीतरी आधी बाबू निमल! दर पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं की पोरं जिलबीच्या पातेल्याकडे बघत उभी, आणि काकांचं सुरू: ‘स्वातंत्र्य १९४७ ला, पण १५ ऑगस्ट आपला १९३६ पासून आहे.’ त्या दिवशी बर्लिनला फायनल झाली, हिटलरच्या जर्मनीला ध्यानचंदांच्या संघानं ८-१ नं हरवलं, आणि त्या संघात आपल्या खडकीचे निमल होते. दर वर्षी तेच. जिलबी गार व्हायची, पण सांगितल्याशिवाय वाटप नाही.”

“गंमतच. मागे एकदा सकाळी सकाळी पेढे वाटत होते म्हणे?”

“ते टोकियोचं, २०२१ चं. करोनाचे दिवस, सगळ्यांची तोंडं मास्कमध्ये. सकाळी सातला जर्मनीविरुद्ध मॅच सुरू. काकांनी टीव्ही खिडकीकडे तोंड करून ठेवला, आणि आम्ही सगळे बाहेर अंगणात, अंतर राखून! ५-४ नं आपण पुढे, शेवटची काही सेकंदं, आणि जर्मनीला पेनल्टी कॉर्नर. श्रीजेशनं तो अडवला आणि काका जे ओरडले, समोरच्या पिठाच्या गिरणीवाल्यानं गिरणी बंद केली, काय झालं बघायला. एक्केचाळीस वर्षांनी ऑलिंपिकचं पदक. मिठाईचं दुकान उघडेपर्यंत काका शटरसमोर उभे होते.”

“आणि पॅरिसला परत ब्राँझ मिळालं, ते मलाही आठवतंय.”

“स्पेनला २-१. तेव्हा पेढे नाहीत, पेरू वाटले. काकूंनी साखर बंद केली होती त्यांची. बरं, हरल्यावर चिडायचे असंही नाही. चिडायचे ते दुसऱ्याच गोष्टीवर. १९९८ ला बँकॉकच्या एशियाडमध्ये बत्तीस वर्षांनी सोनं आणलं धनराजच्या संघानं, टायब्रेकरमध्ये त्या आशिष बल्लाळनं गोल वाचवले, आणि घरी येतायेताच दोघांना संघाबाहेर काढलं, नाव काय तर ‘विश्रांती’! हा शब्द काकांच्या घरात कुणी उच्चारायचा नाही. काकू दुपारी आडव्या होतानासुद्धा ‘जरा पडते’ म्हणायच्या.”

“पण इतकी माणसं जमली अंत्ययात्रेला, असं दूधवाला सांगत होता.”

“जमणारच! पलटणीची म्हातारी मंडळी, बाजारातले दुकानदार, आणि पोरं. तीस-चाळीस तरी पोरं जर्सी घालून आली. पॅराप्लेजिक सेंटरमधूनही दोघं व्हीलचेअरवर आले होते. पाठीच्या कण्याला दुखापत झालेले आपले जवान असतात ना तिथे, काका दर रविवारी त्यांच्याकडे जायचे. सेवा वगैरे नाही हो, मॅच बघायला आणि भांडायला. त्यांच्यातला एक पाकिस्तानच्या ड्रिबलिंगची तारीफ करायचा, हे त्याला १९७५ ची क्वालालंपूरची वर्ल्ड कप फायनल ऐकवायचे. अशोककुमारचा तो गोल, चेंडू आत गेला की नुसता खांबाला लागला यावर पन्नास वर्षं वाद. काकांनी तो बराकीत ट्रान्झिस्टरवर ऐकला होता, पण सांगताना असं की जणू गोलपोस्टमागेच उभे होते!”

“काकू कशा आहेत?”

“वरून खंबीर. पण एक सांगते, बाहेर बोलू नका. काकूंना गेली कित्येक वर्षं वाटायचं की पेन्शन कमी पडते, पैसे जातात कुठे? गल्लीत तर काय, कुणी म्हणे पत्ते, कुणी म्हणे भिशीत बुडवले. परवा बँकेचे कागद शोधताना ट्रंकेत एक वही निघाली. त्यात काय असावं? पोरांची नावं आणि पुढे बुटांचे नंबर! पाच, सहा, सहा, साडेसात. पाय वाढला की जुना नंबर खोडून नवा. पुढे तारीख आणि रुपये.”

“म्हणजे बूट घेऊन द्यायचे?”

“बूट, कधी स्टिक. पूर्वी तुतीच्या लाकडाची स्टिक मोडली तर सरस लावून, सुतळी गुंडाळून काका घरीच नीट करायचे. आता कॉम्पोझिटच्या आल्या, चांगली घ्यायची तर हजारांत जाते, आणि ती एकदा तडकली की सरसाला दाद देत नाही. त्यात टर्फ. १९७६ ला माँट्रिअलला ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा कृत्रिम मैदान आलं आणि आपण थेट सातवे आलो. काका म्हणायचे, हॉकी तेव्हापासून श्रीमंतांची झाली. म्हणून हा माणूस पोरांना घेऊन खडकी स्टेशनवरून लोकलनं पिंपरीला जायचा, नेहरूनगरच्या ध्यानचंद स्टेडियमला, टर्फवर पाय टाकू दे म्हणून. सगळ्यांची तिकिटं खिशातून. काकूंना सांगायचे, मित्राकडे जातो.”

“आणि काकू वही बघून काय म्हणाल्या?”

“आधी भांडल्या. फोटोशी! म्हणाल्या, मला सांगितलं असतंत तर मी काय नाही म्हटलं असतं? मग चष्मा लावून हिशेब तपासत बसल्या. शेवटच्या पानावर अकरा नावं अशी निघाली की ज्यांच्यापुढे नंबर आहे, पण रुपये नाहीत.”

“अरेरे. म्हणजे ते घ्यायचे राहिले.”

“तर ऐका, त्यासाठीच तुम्हाला हाक मारली. मुलानं ठरवलंय की तेराव्याला हार-तुरे नकोत, पाकिटं तर मुळीच नकोत. ज्याला द्यायचे त्यानं बूट द्यावेत. नवेच हवेत असं नाही. तुमच्या चिरंजीवांचे गेल्या वर्षीचे माळ्यावर पडलेत ना? पाच ते आठ नंबरचे कुठलेही चालतील, फक्त तळ उखडलेला नको. रविवारी दहाच्या आत काकूंकडे पोचते करा. लेस नसली तरी चालेल.”