उंदीर बरा झाला हो!

फॅटी लिव्हरवर वनस्पतीचं औषध शोधायचं तर आधी उंदीर लठ्ठ करावा लागतो. काही आठवडे त्याला चरबीयुक्त खाद्य चारतात, यकृतावर मेद चढला की हळदीतलं कर्क्युमिन नाहीतर दारुहळदीतलं बर्बेरिन पाजतात. उंदीर सुधारतो. शोधनिबंध छापून येतो आणि लगोलग सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘यकृत धुऊन काढणारा काढा’ अवतरतो. उंदीर तेवढा वाटेत गळालेला असतो.

हळदीत कर्क्युमिन जेमतेम ३ टक्के, आणि तेही आतड्यातून रक्तात उतरायला राजी नसतं. म्हणून कॅप्सूलमध्ये मिऱ्यातलं पायपरिन घालतात. शोषण वाढतं, खपही वाढतो. मग अमेरिकेतले डॉक्टर हळदीच्याच गोळ्यांनी यकृताला इजा झालेले रुग्ण नोंदवतात. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेलीबाबत अशीच नोंद केली, तर आयुष मंत्रालयाने ती दिशाभूल ठरवली. यकृताचं मत कुणी विचारलं नाही.

माणसांवरच्या चाचण्या बहुतेक लहान. त्यांत एन्झाइमचे आकडे थोडेफार उतरतात, एवढंच. वजन ७ ते १० टक्के घटवलं तर यकृतातली चरबी आणि सूज खरोखर ओसरते. पण हा उपाय बाटलीत भरता येत नाही, शिवाय त्यात चालावं लागतं. त्यापेक्षा आमचे शेजारी बरे. सकाळी अनशापोटी काढा घेतात आणि तोंडाची कडू चव जावी म्हणून वर दोन साबुदाणे वडे.