गेली नाही का अजून?

"गेली नाही का हो अजून कोपऱ्यावरची सून?"

वहिनींनी हा प्रश्न भिंतीवरून टाकला तेव्हा त्यांचे दोन्ही हात सांडग्यांच्या पिठात होते. म्हणजे निदान अर्धा तास त्या जागच्या हलणार नव्हत्या. आणि माझे कपडे वाळत घालून व्हायचे होते, म्हणजे मलाही सुटका नव्हती.

बेलापूरच्या सेक्टर आठमधलं आमचं आर्टिस्ट व्हिलेज चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात आखलं. सात घरांच्या मधे एक चौक, आणि एका घराची भिंत दुसऱ्याला लागू द्यायची नाही, म्हणजे ज्याला त्याला ऐपतीप्रमाणे घर वाढवता येईल, असा त्यांचा हिशेब. घरं वाढली, मजले चढले. आवाजाचं काय करायचं, हे मात्र त्यांनी रहिवाशांवर सोडलं. कोणाच्या घरी कोणाचा फोन आला, हे सातही घरांना कळतं.

"नाही गेली," मी म्हटलं. "व्हिसाची तपासणी चाललीय."

"अहो, तपासणी म्हणजे किती? आणि तो नवरा का येत नाही? लग्न करून गेला तो गेला. दिवाळसणाला नाही, संक्रांतीला नाही. हलव्याचे दागिने घालून पोरगी एकटीच फोटोला उभी राहिली. माझं ऐका ताई, काहीतरी बिनसलंय."

"बिनसलंय ते कागदांचं, वहिनी. त्याच्या पासपोर्टावरचा शिक्का संपलाय. तिथे राहायला, काम करायला अडचण नाही. पण एकदा इथे आला की परत जायला नवा शिक्का इथूनच मारून घ्यावा लागणार. मागच्या डिसेंबरात असे सुटीला आलेले कितीतरी जण इथेच अडकले. मग एकाच्या जागी दोघं इथे, आणि तिकडे नोकरी धोक्यात."

वहिनींना हे पटलं नाही, असं त्यांच्या सांडग्यांच्या आकारावरून दिसलं. त्यांचं खरं कारण निराळं होतं. ते त्या हळूहळूच काढतात.

"आणि ते इन्स्टाग्राम? एवढी शहाणी मुलगी, सगळं उघडं टाकलंन."

मग मला सविस्तर सांगावं लागलं. १५ डिसेंबर २०२५ पासून अमेरिकेनं एच-१बी व्हिसावाले आणि एच-४ वर जाणारे त्यांचे नवरे-बायका यांचा ऑनलाइन वावर तपासायला सुरुवात केली. खाती सगळ्यांना दिसतील अशी ठेवा, असा हुकूमच आहे. तपासायला वेळ लागतो म्हणून रोजच्या मुलाखती कमी केल्या, आणि इथल्या डिसेंबरच्या तारखा उचलून मार्चमध्ये नि त्याही पुढे टाकल्या. हिची तारीख त्यातलीच.

"म्हणजे त्यांच्यासाठी उघडलं होय! मग आम्हाला कसं दिसतं?"

"सगळ्यांना म्हणजे सगळ्यांनाच, वहिनी. तुम्ही पाहिलंत वाटतं?"

"मी कशाला बघत्येय. नातवानं दाखवलं." थोडं थांबून, "गोव्याच्या फोटोंपर्यंत."

तिच्या सासूबाईंनीही पाहिलं. सगळ्या चौकाला वाटलं आता काहीतरी होणार. झालं एवढंच, की दोन दुपारी बसून त्यांनी २०१९ पासूनच्या एकेका फोटोला बदाम दिला, आणि तिसऱ्या दिवशी सुनेला विचारलं की तो निळा ड्रेस कुठे गेला, चांगला दिसत होता. लग्नानंतर सासू-सुनेला एकमेकींना ओळखायला जी दोन-तीन वर्षं लागतात ती वाचली.

"मुलाखत झाली ना पण मार्चात?"

झाली. लग्नाचा अल्बम, पत्रिका, महापालिकेतलं विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र, नवऱ्याच्या पगाराच्या पावत्या, सगळं घेऊन गेली. गोऱ्या साहेबानं अल्बम उघडलाही नाही. दोन-चार प्रश्न विचारून एक कागद हातात दिला: कलम २२१(जी), म्हणजे आत्ता व्हिसा देता येत नाही, आणखी माहिती किंवा तपासणी हवी. हे कलम त्यांच्या १९५२ च्या कायद्यातलं आहे, हिच्यासाठी काढलेलं नाही. पण घरी येऊन नंबर टाकला तर पडद्यावर 'रिफ्यूज्ड'. सासऱ्यांचा रक्तदाब वर. तपासणी चालू असतानाही तसंच दिसतं, हे कळायला त्यांना दोन दिवस आणि तीन गोळ्या लागल्या.

"कशावरून अडवलं पण? मला विचाराल तर ते जंतू." वहिनी पीठ सोडून पुढे झाल्या. "मायक्रोबायॉलॉजी ना तिची? महाप्याला लॅबमध्ये जंतूच वाढवायची."

आता यात वहिनी अगदीच चुकीच्या म्हणता येत नाहीत. अमेरिकेकडे तंत्रज्ञानाची एक यादी आहे, त्यात अणुविज्ञान, रसायनं, जैवतंत्रज्ञान वगैरे विषय येतात, आणि त्या विषयांतल्या माणसाकडे दोनदा बघतात. पण हिचं त्यामुळेच अडलं असं कोणी सांगितलेलं नाही. कारण सांगतच नाहीत. नावामुळेही अडतं, एकाच नावाचा कोणी नको तो माणूस त्यांच्या यादीत निघाला, तर आपण तो नव्हे हे ठरेपर्यंत थांबायचं. आपल्याकडे एका बिल्डिंगीत चार पाटील असतात, त्यातल्या दोघांच्या वडिलांचं नावही सारखं असतं.

"नावाचा तर घोळच होता त्यांच्याकडे," वहिनींना एकदम आठवलं. "तांदळात वेगळं नाव लिहिलं होतं ना?"

होतं. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव काढलं, आत्येसासूबाईंच्या पसंतीचं. ते तांदळातच राहिलं हे नशीब. काही घरांत तेच नाव उत्साहानं बँकेत घालतात, आधारवर घालतात, राजपत्रात छापून आणतात; पासपोर्टवर माहेरचं, डिग्रीवर माहेरचं, आणि मग 'आजवर वापरलेली इतर नावं' या रकान्यापाशी सगळं घर घाम पुसत बसतं. हिनं पासपोर्ट हलवलाच नाही. आत्येसासूबाई अजून नव्या नावानं हाक मारतात, ती ओ देते.

पुढचा फॉर्म भरायला ती आमच्याकडेच बसली होती, कारण चौकात चालू स्थितीतला प्रिंटर फक्त आमचा. डीएस-५५३५ म्हणतात त्याला. गेल्या १५ वर्षांतले राहण्याचे सगळे पत्ते, सगळ्या नोकऱ्या, केलेला प्रवास आणि त्याचे पैसे कोणी दिले, भावंडांची नावं, आणि पाच वर्षांत वापरलेले फोन, ईमेल, सोशल मीडियावरची नावं. वहिनी, १५ वर्षांपूर्वी आपण कुठे होतो हे मला विचारा, मी इथेच होते, सोपं आहे. पण हिचं माहेर सांगलीचं, शिक्षण कऱ्हाडला, मग कोपरखैरण्यात मैत्रिणींबरोबर खोली, ती खोली दोनदा बदललेली. जुना भाडेकरार सापडेना. सासऱ्यांनी तिच्या कोपरखैरण्याच्या घरमालकाला शोधून काढलं. तो आता नेरळला राहतो, तर त्याच्याकडे जेवूनही आले. ऑफिसच्या कामाला चार दिवस बँकॉकला गेली होती, त्याचं तिकीट कोणी काढलं? कॉलेजात कवितांचं एक खातं काढलं होतं, ते कोणत्या नावानं? ते आठवायला एक अख्खी संध्याकाळ गेली. कविता वाईट नव्हत्या.

"आणि नोकरी सोडली ते?"

ते खरं दुखणं. कुठल्याशा सल्लागारानं सांगितलं की मुलाखत म्हणजे उपचार, आठवड्यात पासपोर्ट घरी येईल. तिनं राजीनामा देऊन टाकला. व्हिसा हातात पडेपर्यंत नोकरी सोडू नका, घर विकू नका, तिकीट काढू नका, हे जाणती माणसं सांगत असतात. पण फुकटचा सल्ला कोण ऐकतो.

"मग कोर्टात जा म्हणावं. माझा भाचा कॅनडात आहे ब्रॅम्प्टनला, त्याच्या बायकोचंही असंच सुरक्षा तपासणीत अडकलं होतं. त्यानं अर्ज करून फायलीच्या नोंदीच मागवल्या."

कॅनडात ती सोय आहे, तिथल्या माहितीच्या कायद्याखाली निदान फाईल कुठे पडलीय एवढं दिसतं. अमेरिकेत दावा लावता येतो, पण त्यात मागायचं एवढंच की बाबांनो, निर्णय द्या. 'हो' म्हणा असं मागता येत नाही. नवऱ्यानं वकिलाला विचारलं होतं. वकिलानं त्याला २०२४ च्या जूनमधला निकाल ऐकवला. सँड्रा मुनोझ ही बाई अमेरिकेची नागरिक, वकिली करणारी. तिच्या एल साल्वादोरच्या नवऱ्याला व्हिसा नाकारला, ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढली, आणि तिथे सांगितलं गेलं की नवऱ्याला देशात आणण्याचा मूलभूत घटनात्मक हक्क नागरिकालाही नाही. आपला मुलगा तर अजून नागरिकही नाही.

"आनंदीबाई जोशी बऱ्या म्हणायच्या," वहिनी म्हणाल्या. वहिनी शिक्षिका होत्या, आणि दर चार-सहा गप्पांनंतर त्यांच्यातली शिक्षिका बाहेर येते. "१८८३ साली गेली, ना व्हिसा ना काही. नवरा गोपाळराव इथे पोस्टात. ११ मार्च १८८६ ला तिला पदवी मिळाली तेव्हा समोर बसले होते. मधली वर्षं पत्रांवर काढली."

"हिला तर रोज तोंड दिसतं नवऱ्याचं."

"तेच वाईट हो. पत्र आलं की चार दिवस पुरतं. रोज तोंड दिसलं की रोज तेच विचारायचं, काही कळलं का?"

हे वहिनींनी नेमकं पकडलं. त्या दोघांचंही तसंच होऊ लागलं होतं. सकाळी साडेसातला ही पोहे खाते, तिकडे न्यू जर्सीत रात्रीचे दहा वाजलेले असतात, तो जेवून उठलेला; आणि पहिला प्रश्न स्टेटसचा, मग भांडण, मग फोन बंद. शेवटी तिनंच नियम केला. स्टेटस फक्त सोमवारी बघायचं, ते सासऱ्यांनी बघायचं, आणि बदललं असेल तरच बोलायचं. नसेल तर त्यांनी गप्प चहा प्यायचा. सासूबाईंना देवापुढे निरांजन लावलं की फोन उघडायची सवय लागली होती, ती मोडायला सगळ्यात जास्त दिवस लागले. आता फोनवर दोघं भाजीबद्दल बोलतात. चौकात ऐकू येतंच. कालचा विषय दुधी होता.

"आणि आता ती जाते कुठे हो रोज दुपारी? नटूनबिटून?"

हा वहिनींचा खरा प्रश्न होता. उत्तर द्यायची वेळ आली नाही, कारण ती स्वतःच गेट उघडून आत आली, हातात प्रिंट काढायच्या कागदांचा गठ्ठा.

"काकू, चाळीस पानं आहेत. पैसे घेणार असाल तरच."

सीवुड्सच्या एका क्लासमध्ये ती नीटच्या मुलांना जीवशास्त्र शिकवते. नवी बॅच या महिन्यात सुरू झाली, पुढच्या मेपर्यंत.

"पुढच्या मेपर्यंत!" वहिनी भिंतीवरून अर्ध्या आत आल्या. "अगं, आणि उद्या व्हिसा आला तर?"

"तर जाणार की, काकू. क्लासवाल्यांना आधीच सांगितलंय."

"मग पोरांना तिकडून शिकव. आता तर सगळं ऑनलाइनच असतं."

"एच-४ वर काम करता येत नाही. नवऱ्याचं ग्रीन कार्डाचं प्रकरण एका टप्प्याला पोचलं तर परवाना मागता येतो, त्याचं अजून तिथवर आलेलं नाही. तिथे पोचले की मी फक्त बायको."

"मग त्या पोरांचं कसं व्हायचं गं?"

"म्हणून तर जेनेटिक्स आधी घेतलंय," ती म्हणाली. "सोपे धडे कोणीही शिकवेल. ताईकाकू, दोन्ही बाजूंनी छापा हं, कागद वाचतो."