ओले आहे, बसू नये

सोसायटीच्या बाकड्यावर काकांना बसलेलं आजवर कोणी पाहिलेलं नाही. ते बाकड्यासमोर बसतात. उकिडवे, एक डोळा मिटून, दुसरा फळीच्या पातळीला लावून. बसायला बाकडं वापरणारी माणसं ही काकांच्या मते बाकड्याच्या दुखण्यांपैकी एक. ऊन, पाऊस, कावळे आणि रहिवासी, हा त्यांचा क्रम. हल्ली ते रहिवाशांना कावळ्यांच्या आधी घेऊ लागलेत.

पार्ल्यात अशी माणसं दर तिसऱ्या इमारतीत सापडतात. 2001 साली बँकेतून व्हीआरएस घेतलेली, 'तुझ्या हातात कला आहे' असं लहानपणी कोणीतरी बेसावधपणे सांगून गेलेली आणि 'एकदाच करा, पण नीट करा' असं बजावत तेच काम दर वर्षी करणारी. काका या जमातीतले मानकरी.

बाकडं आलं ते पुनर्विकासातून. जुनी दुमजली इमारत पाडली तेव्हा जिन्याच्या सागवानी पायऱ्या भंगारात चालल्या होत्या. काकांनी ट्रक अडवला, असं काका सांगतात. ट्रक पंक्चर होऊन उभाच होता, असं काकू सांगतात. त्या फळ्यांचं बाकडं झालं, करणावळ एका कुटुंबाने दिली आणि पाठीला 'कै.'ने सुरू होणारी पितळी पाटी लागली. लाकूड बर्मा टीक आहे, असं काकांचं म्हणणं. दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा ते सीपी टीक, म्हणजे आपल्या बल्लारशाकडचं, मानतात. दोघांत या विषयावर बोलणं बंद आहे. इतर विषयांवर आधीपासूनच नव्हतं.

काकांचं काम तपासणीने सुरू होतं. बोटाच्या पेराने टकटक, नखाने ओरखडा, मग चमच्याने पाण्याचे चार थेंब. थेंब उभा राहिला तर तेल शिल्लक आहे, पसरून शिरला तर संपलं. एवढ्यात कोणीतरी भाजीची पिशवी घेऊन येतं आणि सहज म्हणतं, "काय काका, मळलंय वाटतं बाकडं?"

संपलं. पिशवीतली कोथिंबीर माना टाकेपर्यंत त्या माणसाची सुटका नाही.

"हा मळ नाही," काका सांगतात. "हे ऊन आहे. लाकडाचे तंतू धरून ठेवणारं लिग्निन नावाचं द्रव्य असतं. उन्हातली अतिनील किरणं ते मोडतात, पाऊस ते धुऊन नेतो आणि वर उरतो हा चंदेरी थर. मिलीमीटरभरसुद्धा नाही. त्याच्याखाली लाकूड तसंच आहे, मधाच्या रंगाचं. फक्त खाली जायची तयारी हवी."

खाली जायची तयारी म्हणजे पॉलिश पेपर. 80 नंबरने सुरुवात, मग 120, मग 180. नंबर जितका कमी तितका दाणा जाड. मधला नंबर गाळायचा नाही, कारण 80 चे ओरखडे 180 ने जात नाहीत आणि तेलाचा हात लागला की चोरासारखे उघडे पडतात. 180 च्या पुढे जायचं नाही, कारण फार गुळगुळीत केलेलं लाकूड तेल प्यायला नाखूश असतं. पेपर ठोकळ्याला गुंडाळायचा आणि घासायचं ते रेषेच्या बाजूने. आडवं घासणाऱ्याला काका आपल्यात धरत नाहीत. त्यांच्या एका भाच्याने एकदा पाच मिनिटं आडवं घासलं होतं. भाच्याच्या लग्नात काका अक्षता टाकून पंगत सुरू व्हायच्या आत घरी आले.

या नंबरांनी काकांची माणसं ओळखायची पद्धतही ठरून गेली आहे. तळमजल्यावरचा कॉलेजातला मुलगा उलट बोलला, तर "अजून साठ नंबरवर आहे, होईल." नव्या सूनबाईंनी वाकून नमस्कार केला, तर "थेट 180!" सेक्रेटरींविषयी मत विचारलं, तर काका क्षणभर विचार करून म्हणतात, "तिथे पेपर चालायचा नाही. रंधाच मारावा लागेल."

मागे सोसायटीच्या रंगकामाच्या वेळी पेंटर त्यांच्याजवळ येऊन चांगल्या मनाने म्हणाला होता, "काका, कशाला त्रास घेता? चॉकलेटी ऑइलपेंटचे दोन हात मारून टाकतो. दोन तासांचं काम." त्या दिवशी काका जेवले नाहीत, असं काकू म्हणतात. "जेवलो," काका म्हणतात, "पण चव लागली नाही."

सामानाची खरेदी नागदेवीला. पार्ल्यात स्क्रू मिळत नाहीत असं नाही, पण मशीद बंदरला उतरून, हातगाड्या चुकवत, तीन दुकानं नाकारून चौथ्यात घेतलेला पितळी स्क्रू वेगळाच बसतो. लोखंडी खिळा काकांना चालत नाही. तो गंजतो, लाकडातल्या टॅनिनशी त्याचं लोखंड भिडतं आणि भोवती काळा डाग उठतो. जुने डाग घालवायला ते रबरी मोजे चढवून ऑक्झॅलिक ॲसिडचं पाणी लावतात आणि त्या वेळी लहान मुलांना आवाराबाहेर काढतात. मोठ्यांनाही काढतात, पण त्याला ॲसिड हे कारण नसतं. पितळी स्क्रू मऊ. सरळ पिळला तर डोकं हातात येतं. म्हणून आधी भोक, मग त्याच मापाचा पोलादी स्क्रू एकदा फिरवून काढायचा, मग पितळी, तोही मेण लावून. एका स्क्रूला पाऊण तास. बाकड्याला स्क्रू चोवीस.

पाटी काढून ठेवल्याशिवाय पाठ घासता येत नाही. एका वर्षी नेमकी तेव्हाच त्या कैलासवासींची पुण्यतिथी आली आणि ठाण्याहून त्यांच्या कन्या हार घेऊन हजर झाल्या. पाठ उघडी बघून त्यांनी घाबऱ्या आवाजात विचारलं, "आमचे बाबा कुठे आहेत?"

"आमच्या कपाटात," काका म्हणाले. "पितांबरीने स्वच्छ केलेत. बाकडं वाळलं की लावतो."

खरा धर्मप्रश्न पुढे असतो, लावायचं काय? दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा व्हार्निशपंथी. काका बेलतेलाचे, म्हणजे उकळलेल्या जवसाच्या तेलाचे. लाखेचं पॉलिश दोघांनाही मान्य नाही, कारण ते घरातल्या कपाटाचं, पाणी पडलं की पांढरं पडतं. काकांचा युक्तिवाद असा: व्हार्निश वर बसतं, तेल आत जातं. लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. वर बसलेला थर त्याच्याबरोबर हलू शकत नाही, तडकतो. तडकेतून पाणी शिरतं आणि मग पापुद्रे. नव्याने करायचं तर सगळं खरवडा. तेलाचं तसं नाही. पुसा, घासा, पुन्हा लावा. आजोबांचा युक्तिवाद तीन शब्दांचा: "तेलाला बुरशी येते." मुंबईच्या दमट हवेत ती खरोखर येते, काळी काळी. काका ती पहाटे, आजोबा उठायच्या आत, पुसून टाकतात.

बेलतेलाचा एक हात लावून झाला की काका फडकी कुंपणाच्या भिंतीवर एकेक करून पसरतात. एका वर्षी सेक्रेटरी बाईंनी हरकत घेतली, "शोभा जाते हो दर्शनी बाजूची." काकांनी समजावलं की बेलतेल नुसतं वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, त्यात उष्णता निघते आणि तेलकट फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकली तर आपोआप पेटू शकतात. बाईंनी त्याच दिवशी परिपत्रक काढलं. त्यात काकांच्या घराचा विमा उतरवला आहे का, अशी विचारणा होती.

आता पाटी लागते. पहिली पाटी साधी: 'ओले आहे, बसू नये.' एका हाताला वाळायला दोन-तीन दिवस, हवा दमट असेल तर आणखी. तिसऱ्या दिवशी लोकांचा धीर सुटतो, म्हणून दुसरी पाटी: 'वाळलेले दिसते, पण ओले आहे.' मग तिसरी: 'बोट लावून पाहू नये.' आणि त्याखाली, वेगळ्या शाईत: 'बोट लावून पाहणाऱ्याचा ठसा आमच्याकडे आहे.' ठसा खरोखरच होता. काकांनी तो आठवडाभर तसाच राखला आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या हातांकडे बघत राहिले. एकदा कोणी वर्तमानपत्र पसरून त्यावर बसलं. उठल्यावर कागद बाकड्याला चिकटला, निघाला तेव्हा अर्धा अग्रलेख उलट्या अक्षरांत फळीवर राहिला. काकांनी तो घासून काढण्यापूर्वी घरचा आरसा आणून वाचला आणि त्यातल्या दोन मुद्द्यांशी आपण असहमत असल्याचं जाहीर केलं.

घरात मात्र काकूंचं म्हणणं निराळं आहे. त्यांच्या स्वयंपाकघराचं दार पावसाळ्यात फुगून चौकटीत अडकतं. जुलैत त्यांनी विषय काढला की काका म्हणतात, "आत्ता रंधा मारला तर हिवाळ्यात बोटभर फट पडेल. लाकूड सुकू दे." शास्त्राला धरूनच आहे ते. डिसेंबरात काकू आठवण करतात. काका उठतात, दार लावतात, उघडतात, पुन्हा लावतात आणि म्हणतात, "लागतंय की!"

"अहो, तुमचं बाकडं होऊन मी जन्माला यायला हवं होतं," काकू एकदा म्हणाल्या.

"कुठल्या लाकडाचं?" काकांनी विचारलं.

कामाचा मुहूर्त सापडणं अवघड. ऑक्टोबरचं कोरडं ऊन सर्वांत चांगलं, पण दिवाळीत फटाक्यांची राख उडते. जानेवारीत शेजारच्या इमारतीच्या पुनर्विकासाची धूळ. एप्रिलमध्ये मुलांना सुट्टी. हे सगळं टाळत टाळत शेवटचा हात मेअखेर लागतो आणि बाकडं मधासारखं झळकत असतानाच, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, आभाळ भरून येतं. रहिवासी हळहळतात. बिचाऱ्यांची वर्षभराची मेहनत! काका गॅलरीत उभे राहून पहिल्या पावसाचे थेंब फळीवर गोल गोल उभे राहिलेले दुर्बिणीतून बघतात. गणपतीपर्यंत थेंब बसके होतात. दिवाळीनंतर एका कोपऱ्यात राखाडी रंग डोकावतो आणि काकांच्या चालीत तरतरी येते. उन्हावर त्यांचा राग आहे असं आम्ही समजत होतो. खरं तर ऊन त्यांचं गिऱ्हाईक आहे.

गेल्या वार्षिक सर्वसाधारण सभेत सेक्रेटरींनी ठराव मांडला: दरवर्षीची कटकट नको, बाकडं काढून त्या जागी ग्रॅनाइटचं आसन बसवावं, मेंटेनन्स-फ्री. सभागृहात हात वर जाऊ लागले. दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांचे तर दोन्ही. सगळे काकांकडे बघत होते. आता ते भडकणार, लिग्निनपासून सुरुवात करणार, म्हणून मागच्या रांगेतल्या दोघांनी चपला शोधल्या.

काका शांतपणे उठले. "माझी काही हरकत नाही," ते म्हणाले. "ग्रॅनाइट उत्तम. फक्त त्याच्या बारीक छिद्रांत तेला-चहाचे डाग शिरू नयेत म्हणून अधूनमधून सीलर लावावा लागतो. आधी धुवायचं, पूर्ण सुकवायचं, मग एक हात, पुसायचं, मग दुसरा. तोवर अर्थातच बसता येणार नाही. पाट्या माझ्याकडे तयार आहेत."

हात एकेक करून खाली आले. आजोबांचा दुसरा हात सर्वांत शेवटी. ठराव एकमताने फेटाळला गेला आणि 120 नंबरच्या पेपरासाठी पाचशे रुपये मंजूर झाले.