अमावास्येचा माणूस

कॅलेंडरातली अमावास्या लोक कार्य टाळण्यासाठी बघतात; पोलादपूरकडचा नवशिका तारे-फोटोग्राफर ती कार्य ठरवण्यासाठी बघतो. पौर्णिमेशी त्याचं वैर. गावातली वीज गेली की सगळे वायरमनला फोन लावतात, तेव्हा वायरमननं तो उचलू नये अशी इच्छा बाळगणारा हा एकटाच.

साहित्य म्हणाल तर चुलतबहिणीच्या लग्नासाठी घेतलेला कॅमेरा, त्याच्यासोबत आलेली 18-55 ची लेन्स आणि वाऱ्यानं डुलणारा ट्रायपॉड. त्याला दगडांची पिशवी टांगलेली. महाडकडे एमआयडीसीचा उजेड, महामार्गावर ट्रक. म्हणून आंबेनळी घाटाच्या पायथ्याचं एखादं रिकामं खाचर गाठायचं. पावसाळा गेला ढगांत. मार्च-एप्रिलच्या पहाटे आकाशगंगेचा दाट पट्टा वृश्चिक-धनूपाशी आग्नेयेला येतो. ॲप म्हणतं, उगवली. पण ॲपला सह्याद्री ठाऊक नाही. महाबळेश्वरच्या डोंगरावरून ती डोकं काढेपर्यंत हा डासांना रक्तदान करतो.

तिथं पहिला प्रश्न ठरलेला. बॅटरी मारत आलेले काका विचारतात, "मोजणीवाले काय?" रस्त्याच्या रुंदीकरणात जमिनी गेलेल्या मुलखात तीन पायांचं कुठलंही यंत्र म्हणजे भूसंपादन.

"नाही काका, ताऱ्यांचे फोटो."

"अवसेला?"

काका दोन पावलं मागं सरकतात. त्यापेक्षा मोजणी परवडली असती.

पण हा त्यांना सोडत नाही. पृथ्वी फिरते, शटर फार वेळ उघडं राहिलं तर ताऱ्यांच्या रेघा होतात. म्हणून 500 ला लेन्सच्या मिलिमीटरनी भागायचं. आपला सेन्सर लहान, म्हणून 18 चे दीडपट 27. आले साधारण 18 सेकंद. आयएसओ 3200, ॲपर्चर 3.5. ऑटोफोकस अंधारात आंधळा, तो बंद. ठळक तारा स्क्रीनवर मोठा करून टिंब बारीक होईपर्यंत रिंग फिरवायची. बटण दाबतानाही कॅमेरा हलतो, म्हणून दोन सेकंदांचा टायमर. काका हिशेबाला मान डोलावतात, सांगितल्याबरहुकूम श्वास रोखतात आणि सोळाव्या सेकंदाला बिडी पेटवतात.

फोटोत आकाशगंगा अंधुक, काका झकास. काकांनी तो फ्रेम करून ओटीवर लावलाय. पाव्हण्यांना सांगतात, "मागं ती पांढरी धूळ दिसतेय ना, ती पोराची लेन्स पुसलेली नव्हती."