रकानेकाका

माळव्यातल्या जुन्या मराठी वाचनालयात पुस्तकांना वाळवी लागते आणि यादीला रकानेकाका. वाळवीवर औषध मिळतं. काकांपुढे मात्र कार्यकारिणीने हात टेकलेत, कारण ते पदरचं तिकीट काढून येतात, चहासुद्धा स्वतःच्या पैशाने पितात, आणि वर त्यांचं बहुतेक वेळा बरोबर असतं. असा माणूस घालवायचा कसा?

आमचे काका गंधवानीचे. मूळ घर धारला, पण सरकारी शाळेत गणित शिकवायला तिकडे गेले ते निवृत्तीनंतरही तिथेच राहिले. भगोरियाच्या हाटात ढोल-मांदल घुमत असतात, पोरंपोरी नटूनथटून हिंडत असतात, आणि हा गृहस्थ पानवाल्यांच्या रांगा सरळ नाहीत म्हणून हळहळतो. घरी डब्यांवर नावं नाहीत. फळीवर डावीकडून तिसरा डबा साखरेचा; मग त्यात कुणी चुकून मीठ भरलं तरी चहात तिसऱ्या डब्यातलंच पडणार. काकू आता फळीला हात लावत नाहीत.

तर अशा माणसाच्या हाती आमच्या वाचनालयाची जुनी यादी लागली. नव्वदच्या दशकात कुणीतरी देवनागरीसाठी जिस्ट कार्ड बसवलेल्या संगणकावर ती भरून ठेवली होती. ओळीतली पहिली ६ घरं दाखल क्रमांकाची, पुढची ३० लेखकाची, त्यापुढची ३० शीर्षकाची. मधे ना स्वल्पविराम, ना उभी रेघ. नाव आखूड असेल तर उरलेली घरं मोकळी, लांब असेल तर लेखकाचं नशीब. फाइल उघडल्यावर काकांचा चेहरा असा उजळला की वाटलं, कुठल्या तरी खोक्यात त्यांना जन्मपत्रिकाच सापडली.

ही यादी आता कोहात चढवायची होती. कोहा हा न्यूझीलंडमधल्या एका लहान वाचनालयासाठी लिहिलेला, २००० सालापासून चालू असलेला मोफत प्रोग्रॅम. संगणक सांभाळायला इंदूरचा एक बी.लिब. झालेला मुलगा ठेवलाय. त्याने फाइल आधी युनिकोडमध्ये नेली आणि मग एका तडाख्यात कापली. पडद्यावर आलं ते असं: लेखक ‘देशपांडे, प’. शीर्षक ‘ल.’, मग लांबलचक मोकळं मैदान, आणि शेवटी ‘बट’. जिथे जिथे सुरी अक्षराच्या मधोमध पडली तिथे काळ्या चौकटीतली प्रश्नचिन्हं.

देवासला एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्यं पिढ्यान्‌पिढ्या नांदली, पण तिथेही कुणाचा दिवाणखाना दुसऱ्याच्या राज्यात इतका घुसला नसेल.

काकांनी पिशवीतून चौकटीची वही काढली. ‘बटाट्याची चाळ’ लिहिलं आणि पेन्सिल ठेवत गेले. डोळ्याला दिसतात ६ अक्षरं आणि मधली मोकळी जागा. काना, वेलांटी, हलन्त सुटे धरले की संगणकाच्या हिशेबी होतात १३ खुणा. जुन्या फाइलच्या इस्की पद्धतीत एका खुणेला एक बाइट, म्हणजे १३ बाइट. ३० घरांत पाय पसरून झोपावं इतकी जागा. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक खुणेला ३ बाइट लागतात. बारा त्रिक छत्तीस आणि मोकळ्या जागेचा एक. सदतीस!

“बेटा, तू बाइट मोजलेस. खुणा मोज.”

मुलाने प्रोग्रॅममध्ये थोडा बदल केला आणि पु. ल. पुन्हा एका रकान्यात राहायला आले.

एवढ्यावर काका उठतील असं ज्यांना वाटलं, त्यांचा रकानेकाकांशी संबंध आलेला नाही. मुलगा म्हणाला, “काका, अब सब में कॉमा डाल देते हैं, गिनने का झंझट खतम.” काकांनी त्याच्याकडे पाहिलं ते भूमितीत नापास झालेल्या पोराकडे पाहावं तसं. ग्रंथालयात लेखकाचं आडनाव आधी, मग स्वल्पविराम, मग नाव. स्वल्पविरामावर ओळ तोडली की ‘देशपांडे’ लेखक, ‘पु. ल.’ शीर्षक, आणि चाळ जाते प्रकाशकाच्या घरात. मजकूर अवतरणचिन्हांत ठेवला की हे टळतं, हे मुलाला ठाऊक होतं आणि त्याने तसं केलंही. काकांनी ते मान्य केलं, पण जावयाचं स्वयंपाकातलं कौतुक करावं इतपतच.

त्यांचा खरा आनंद पुढे होता. कोहा पुस्तकं नोंदवायच्या ज्या मार्क पद्धतीवर चालतो, तिच्यात ००८ नावाचा एक रकाना असतो: नेमकी ४० घरं, प्रत्येक घराचा अर्थ जागेवरून ठरलेला. एवढ्या आधुनिक प्रोग्रॅमच्या पोटात आपलाच कुणीतरी बसलाय हे कळल्यावर काकांनी त्या दिवशी सगळ्यांना कचोरी खिलवली. मोजणी शून्यापासून सुरू होते, हेही त्यांनी विनातक्रार सोसलं.

३५ ते ३७ ही घरं भाषेची. मराठीसाठी तिथे एम, ए, आर लागतं. काकांनी वहीत बोट ठेवत पडताळलं, तर झाडून सगळ्या पुस्तकांना एच, आय, एन.

“हिंदी डिफॉल्ट है काका,” मुलगा म्हणाला. “लिपि तो एक ही है ना, चल जाएगा.”

काकांनी चष्मा काढला, पुसला, आणि मराठी माळव्यात आली कशी ते उदाजी पवारांच्या स्वाऱ्यांपासून सांगायला सुरुवात केली. वाचनालय बंद व्हायच्या वेळी ते आनंदराव पवारांपर्यंत आले होते. उरलेली गादी पुढच्या रविवारी सांगतो म्हणाले. मुलाने त्या रविवारची रजा टाकली आहे. कारणाच्या रकान्यात त्याने ‘इतिहास’ लिहिलंय, आणि काकांनी अर्ज पाहून एवढंच विचारलं की सही ठरलेल्या चौकटीबाहेर का गेली.